अलास्का वर्ग: क्रूझरला ३०,००० टन कशासाठी?

तांडेल: दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची बाल्टिमोर वर्गाची क्रूझर (बॅटलशिपपेक्षा लहान युद्धनौका) १३,६०० टनांची, ८ इंची ९ तोफांची. अलास्का त्याच नौदलाची, पण २९,८०० टनांची आणि १२ इंची ९ तोफांची. एवढं वजन नेमकं कशासाठी वाढवलं? आणि विमानवाहू नौकांच्या संरक्षणाला ती बाल्टिमोरच्या दुप्पट तरी उपयोगी होती का?

गलबत: १९२२ च्या वॉशिंग्टन करारानं क्रूझरला १०,००० टन आणि ८ इंची तोफांची मर्यादा घातली. जर्मनीच्या डॉइशलँड वर्गानं ११ इंची तोफा आणून ते गणित बिघडवलं. जपानही मोठ्या क्रूझर बांधतोय अशा खबरा होत्या, प्रत्यक्षात त्यानं तशी एकही बांधली नाही. असल्या जहाजांना गाठून बुडवायचं, हे अलास्काचं मूळ काम. ८ इंची गोळा १५२ किलोचा, तर तिचा १२ इंची गोळा ५१७ किलोचा. बाजूचं चिलखत ९ इंच जाड. पण जून १९४४ मध्ये ती ताफ्यात आली तेव्हा जर्मनीच्या ग्राफ श्पे आणि शार्नहोर्स्ट या युद्धनौका दोन्ही समुद्रतळाशी होत्या. शिवाय ही १२ इंची तोफ फक्त याच वर्गासाठी बनवलेली, म्हणजे नळ्या, गोळे, सुटे भाग सगळ्याचा वेगळा पुरवठा. सहा जहाजांची मागणी होती; अलास्का आणि ग्वाम या दोनच पूर्ण झाल्या.

पाणतीर: दुप्पट? अजिबात नाही. नुसत्या तोफा मोजा. विमानांवरही मारा करणाऱ्या ५ इंची तोफा बाल्टिमोरवर १२, अलास्कावरही १२. ४० मिमी बोफोर्स विमानवेधी तोफा ४८ विरुद्ध ५६. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ५ इंची तोफांना नेम देणारे मार्क ३७ डायरेक्टर दोन्हींवर दोनच. म्हणजे या तोफा एका वेळी दोनच लक्ष्यांवर नीट रोखता येतात, जहाज कितीही मोठं असो. आयोवा वर्गाच्या बॅटलशिपवर डायरेक्टर चार आणि ५ इंची तोफा २०. अलास्काच्या मधल्या भागात विमानांचे हँगर आणि विमानं उडवणारे कॅटापुल्ट बसवले आणि आणखी तोफांची जागा तिथेच गेली. जहाजाच्या मध्यावर विमानं ठेवणं धोक्याचंही होतं: ऑगस्ट १९४२ मध्ये सावो बेटाजवळ अमेरिकेच्या क्विन्सी या क्रूझरवरची विमानं पेटली आणि जपानी तोफांना रात्रीच्या अंधारात आयता नेम मिळाला.

तांडेल: आणि पाण्याखालून मार बसला तर?

गलबत: ही तिची सगळ्यात कमकुवत बाजू. बॅटलशिपच्या कुशीत एकामागे एक उभ्या भिंती असतात. मधले काही कप्पे तेल-पाण्यानं भरलेले, काही रिकामे. स्फोटाचा जोर तिथेच जिरतो. अलास्काचा सांगाडा क्रूझरचा, तिथे ही रचनाच नाही. क्रूझरला पाणतीर (टॉर्पेडो) लागला की काय होतं ते बाल्टिमोर वर्गाच्या कॅनबेरावर दिसलं. १३ ऑक्टोबर १९४४ ला तैवानजवळ विमानातून सोडलेला एकच पाणतीर चिलखताच्या खाली लागला. दोन्ही इंजिनखोल्यांत पाणी भरलं, यंत्रं बंद, आणि जहाज दोरखंडानं ओढून न्यावं लागलं. अलास्का आकारानं मोठी, त्यामुळे जास्त पाणी पचवेल, पण बॅटलशिपसारखी टिकेल असं समजू नका.

पाणतीर: सुकाणूही एकच, म्हणून वळायला बॅटलशिपपेक्षाही जास्त जागा लागायची. विमानं उडवायला विमानवाहू नौका वाऱ्याकडे वळते, तेव्हा तिच्याभोवतीच्या संरक्षक जहाजांचं अख्खं वर्तुळ तिच्याबरोबर वळतं. हिचा वळसा मोठा, म्हणून ती जागेवरून बाहेर सरकते आणि विमानवेधी कड्यात फट पडते. मात्र वेग ३३ नॉट, एसेक्स वर्गाच्या विमानवाहू नौकांइतकाच. २७-२८ नॉटच्या बॅटलशिपना ते जमत नव्हतं. १९ मार्च १९४५ ला विमानवाहू नौका फ्रँकलिन बाँबहल्ल्यात जळाली, तेव्हा तिला सुरक्षित पाण्यात नेणाऱ्या गटात अलास्का होती. त्या कामासाठी तिला एकदाही १२ इंची तोफांची गरज नव्हती.