ताइसेइ प्रोजेक्ट: सहावी स्टेज नक्की कुणासाठी आहे?

रातवा

ताइसेइ हा गेम नॉर्मल या मधल्या काठिण्यपातळीवर पूर्ण केला आणि डोक्यात बरंच काही साठलंय, म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या तोहो या गेम मालिकेवरून चाहत्यांनी मिळून बनवलेला हा बुलेट हेल गेम आहे. फुकट आहे, सी भाषेत लिहिलेला आहे आणि सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. सहा स्टेज, प्रत्येक स्टेजच्या शेवटी बॉस. रेइमु, मारिसा किंवा योमु यांपैकी एकीला घेऊन खेळायचं. पडदाभर गोळ्या असतात, पण आपला हिटबॉक्स म्हणजे पात्राच्या मधोमध असलेला जेमतेम ठिपका. बाकी अंगावरून गोळी गेली तरी काही होत नाही.

पहिल्या पाच स्टेज मला मनापासून आवडल्या. चिरुनो, हिना, रिगल, कुरुमी, इकु... प्रत्येक बॉसची चाल वेगळी, आणि प्रत्येकीकडून काहीतरी शिकून पुढे जाता येतं. आपल्यावर नेम धरून येणारी गोळी असेल तर अगदी थोडं सरकायचं, म्हणजे पुढची रांगही तिथेच येते. नेम न धरता फेकलेल्या गोळ्या असतील तर उगाच हलायचं नाही, फट शोधायची. हे एकदा अंगवळणी पडलं की नवीन पॅटर्नसुद्धा वाचता येतो. मेलो तरी का मेलो ते कळतं.

सहाव्या स्टेजला हे सगळं तुटतं. इथली बॉस एली. तिच्या स्पेल कार्डांमागे, म्हणजे नाव दिलेल्या हल्ल्यांच्या पॅटर्नमागे, भौतिकशास्त्रातल्या कल्पना आहेत. केप्लर, न्यूटन, मॅक्सवेल, आयगेनस्टेट (क्वांटम भौतिकीतली संज्ञा), रिची (अवकाशाच्या वक्रतेवरून), मग हिग्ज बोसॉन आणि शेवटी ‘थिअरी ऑफ एव्हरीथिंग’. कल्पना म्हणून हे विलक्षण आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण आयगेनस्टेटमध्ये गोळी पुढे कुठल्या वाटेने फुटणार ते आधी दिसत नाही, आणि रिचीमध्ये गोळ्यांची अख्खी जाळीच डोळ्यांसमोर वाकते. पाच स्टेज डोळ्यांनी जे शिकलं ते इथे कामाला येत नाही. उरतं ते पाठांतर.

बनवणारे वर्षानुवर्षं हेच गेम खेळत आलेले. त्यांचं ‘नॉर्मल’ आणि नवीन खेळणाऱ्याचं ‘नॉर्मल’ एक नाही, आणि चाहत्यांनी बनवलेल्या बहुतेक बुलेट हेलमध्ये मला हाच दोष दिसतो. जाणकारांनी जाणकारांसाठी बनवलेली गोष्ट. तुमचा अनुभव काय?

चकवा

अजिबात पटलं नाही.

पाठांतर हा शब्द तुम्ही तक्रार म्हणून वापरताय. या प्रकारच्या गेमचा तो पायाच आहे. स्पेल कार्डाला नाव असतं, वेळेची मर्यादा असते, न मरता आणि बॉम्ब न टाकता पार केलं तर बोनस मिळतो. हे तोहो मालिकेतल्या 2002 च्या ‘एम्बॉडिमेंट ऑफ स्कार्लेट डेव्हिल’पासून चालत आलंय. नाव कशासाठी देतात? तो पॅटर्न स्वतंत्र ओळखता यावा, पुन्हा भेटला की आठवावा, म्हणून. 2004 च्या ‘इम्पेरिशेबल नाइट’मध्ये तर एकेक स्पेल कार्ड सुटं काढून सराव करण्याची सोय मुद्दाम दिली. ताइसेइमध्येही तशी सोय आहे. तुम्ही ती वापरलीत का?

आणि एलीची कार्डं नुसती पाठ करावी लागतात हेही खरं नाही. केप्लरचंच घ्या. गोळीभोवती गोळी फिरते, तिच्याभोवती आणखी गोळ्या फिरतात. बाहेरच्या छोट्या गोळ्यांकडे बघत बसलात तर मरणारच. नजर मधल्या मोठ्या गोळीवर ठेवा. ती कुठे चाललीय ते कळलं की तिच्यासोबतचा सगळा लवाजमा कुठे जाणार ते कळतं. याला मी पाठांतर म्हणणार नाही. कार्डाच्या नावातच सांगितलंय की इथे कक्षा आहेत. नाव वाचा, मग गोळ्या वाचा. शेवटच्या बॉसने पाचव्या स्टेजचीच परीक्षा पुन्हा घ्यायची असेल तर शेवटची स्टेज हवी कशाला?

एकलाइफ

इतकी मेहनत करून लोकांनी फुकट दिलेला गेम आहे. पैसे घेतलेल्या गेमला लावायची फुटपट्टी याला लावू नये असं मला वाटतं. नाही आवडली सहावी स्टेज तर पाच खेळा.

रातवा

एकलाइफ, फुकट असल्यामुळे मी कमी बारकाईने खेळावं, हे मला त्या लोकांच्या मेहनतीचा अपमान केल्यासारखं वाटतं. त्यांनी गेम गंभीरपणे बनवलाय. मी गंभीरपणेच बोलणार.

चकवा, केप्लरबद्दल सहमत. म्हणूनच मी आयगेनस्टेट आणि रिचीचं नाव घेतलं, केप्लरचं नाही. केप्लरमध्ये वाचायला मधली गोळी आहे. रिचीमध्ये नजर कुठे ठेवायची ते सांगा.

निळीशाई

तुमच्या दोघांच्या वादात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट राहूनच जातेय. सहाव्या स्टेजला एली आहे, हीच मुळात केवढी मोठी गोष्ट आहे!

एली आणि कुरुमी 1998 च्या ‘लोटस लँड स्टोरी’मधल्या. मालिकेचे पहिले पाच गेम पीसी-98 या जपानी संगणकासाठी होते. 2002 मध्ये मालिका विंडोजवर आली आणि जुन्या पात्रांपैकी मोजकीच पुढे आली. रेइमु, मारिसा आल्या, ॲलिस आली, युका आली. एली मागे राहिली. मूळ गेममध्ये ती तिसऱ्या स्टेजची बॉस होती, एका हवेलीची राखणदार, हातात लांब दांड्याचा विळा. बस. इथे चाहत्यांनी तिला उचलून शेवटच्या बॉसच्या जागी बसवलं, तिला स्वतःचं वेड दिलं, स्वतःचं कारण दिलं. भौतिकशास्त्राची कार्डं ही त्या पात्राची भाषा आहे. ती सोपी, ओळखीची केली असती तर एली पुन्हा कुणाच्यातरी दाराची राखणदारच राहिली असती.

आणखी एक. मूळ मालिकेच्या कर्त्याने, म्हणजे झूनने, चाहत्यांना अशा कलाकृती करायची मोकळीक दिली आहे. पण मूळ गेममधली चित्रं किंवा संगीताच्या फाइल काढून वापरायला परवानगी नाही. त्यामुळे अशा गेममध्ये चित्रं नव्याने काढावी लागतात, संगीत नव्याने वाजवावं लागतं. चाहत्यांच्या गेमला ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांनी एकदा हे ध्यानात घ्यावं. (रातवा, तुम्ही तसं म्हटलेलं नाही. पण दुसरीकडे हे इतक्यांदा ऐकलंय की लिहावंसं वाटलं.)

मधली_रांग

मी रातवांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. पॅटर्न अवघड असण्याशी माझं भांडण नाही, पण गोळी दिसली तरी पाहिजे.

केव्ह कंपनीचे जुने आर्केड गेम बघा. 1997 चा ‘डोडोनपाची’ घ्या. शत्रूच्या गोळ्या गुलाबी आणि निळ्या. मागे कितीही स्फोट होऊ देत, गोळी वेगळी उठून दिसते. शेकडो गोळ्यांतून माणूस वाट काढू शकतो तो या शिस्तीमुळे. ताइसेइची पार्श्वभूमी त्रिमितीय आहे, सुंदर आहे, त्यात प्रकाशाचे इफेक्ट आहेत, आणि वर गोळ्याही चमकणाऱ्या. बॉम्बचा उजेड ओसरत असतानाच्या क्षणी मी कितीतरी वेळा मेलोय. सहाव्या स्टेजला गोळ्यांचा मार्ग वाकतो तेव्हा निदान त्यांची कड तरी ठळक हवी. मार्गही फसवा आणि कडही अंधुक, हे दोन्ही एकदम नको.

चकवा

मधली_रांग, सेटिंगमध्ये जाऊन कणांचे इफेक्ट बंद करा आणि पार्श्वभूमीचा दर्जा खाली आणा. निम्मा त्रास तिथेच संपेल.

रातवा, रिचीत नजर स्वतःवर ठेवा, बॉसवर नाही. फोकस (हळू सरकायचं बटण) दाबून ठेवा, हिटबॉक्सभोवतीचा छोटा भाग तेवढा बघा. जाळी दुरून भयानक दिसते. जवळून बघितलं तर गोळ्या हळू सरकतायत आणि फटी उघडतायत, मिटतायत, एवढंच आहे. फटीसोबत सरकायचं. हे तुम्ही पाचव्या स्टेजपर्यंत करतच होतात.

नवीन खेळणाऱ्यांचा कळवळा असेल तर हेही बघा: ‘स्कार्लेट डेव्हिल’ ईझीवर खेळलात तर पाचव्या स्टेजनंतर गेम संपतो. सहावी मिळतच नाही. ताइसेइ ईझीवरही एलीपर्यंत नेतो. मग नवख्यांना जास्त मान कुणी दिला?

रातवा

हा मुद्दा चांगला आहे. पण त्याच मालिकेचं दुसरं उदाहरण मी देतो. ‘स्कार्लेट डेव्हिल’मध्ये आपला हिटबॉक्स दिसत नव्हता, अंदाजाने खेळावं लागायचं. पुढच्याच वर्षी, 2003 च्या ‘परफेक्ट चेरी ब्लॉसम’मध्ये फोकस दाबला की तो दिसायला लागला. त्याने गेम मिळमिळीत झाला का? लुनॅटिक ही सगळ्यात अवघड पातळी आजही लुनॅटिकच आहे. फरक इतकाच की मरणारा माणूस कशामुळे मेला ते त्याला कळतं. माझी मागणी तेवढीच आहे. गोळ्या कमी करू नका. आयगेनस्टेटची गोळी फुटायच्या आधी अर्धा सेकंद काहीतरी खूण दाखवा.

खडूस_पेन्सिल

मी दानमाकुफूमध्ये, म्हणजे तोहोसारखे पॅटर्न लिहिण्यासाठी जपानमध्ये बनलेल्या स्क्रिप्टच्या साधनात, बरीच स्पेल कार्डं लिहिली आहेत. त्यामुळे पडद्यामागून बोलतो.

पॅटर्न लिहिणाऱ्याची अडचण रातवा म्हणतात तशी ‘जाणकार असणं’ एवढीच नसते. अडचण चाचणीच्या पद्धतीत असते. मी कार्ड लिहितो, ते एकटंच चालवतो, सगळी लाइफ हाताशी, मन ताजं. मेलो तर लगेच पुन्हा सुरू. असं करत दुपार जाते. तोवर प्रत्येक गोळीचा कोन मला माहीत असतो, कारण तो मीच टाइप केलेला असतो. मग वाटतं, फारच सोपं झालं, वेग थोडा वाढवू. खेळणारा मात्र त्याच कार्डापाशी पाच स्टेज पार करून येतो. हात आखडलेले, एक लाइफ उरलेलं, बॉम्ब संपलेले. तोच पॅटर्न त्याला दुप्पट जड जातो. हा फरक कोडमध्ये कुठेच दिसत नाही.

वेगाचंही तसंच. असे गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. गोळी दर फ्रेमला तीन पिक्सेल जाते की साडेतीन, हा फरक लिहिताना क्षुल्लक वाटतो. पण एका सेकंदात तो तीस पिक्सेल होतो. हिटबॉक्स काही पिक्सेलचा असताना तीस पिक्सेल म्हणजे जगणं आणि मरणं.

यावर मला एकच उपाय सापडला: दुसऱ्याचे रिप्ले, म्हणजे खेळाची रेकॉर्डिंग, बघणं. लोक कुठे मरतात त्यापेक्षा मरायच्या आधी कुठल्या दिशेला सरकतात ते बघायचं. सगळे चुकीच्या एकाच बाजूला सरकत असतील तर दोष पॅटर्नचा, कारण तोच त्यांना तिकडे बोलावतोय. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी मरत असेल तर पॅटर्न नुसता अवघड आहे, आणि अवघड असायला माझी ना नाही.

म्हणून रातवा, ‘मला कळलं नाही’ आणि ‘कळण्यासारखं नाही’ यांत फरक आहे, आणि तो तुमच्या पोस्टमधून ठरत नाही. चकवा, ‘मला जमतं’ यावरूनही ठरत नाही.

निळीशाई

बोलावण्याचा मुद्दा फार आवडला. इकुच्या स्टेजला मला नेहमी असंच वाटतं की विजा मला कोपऱ्यात ढकलतायत, आणि सुटका मधेच असते. पण तिथे ते मुद्दाम केलंय हे जाणवतं.

एकलाइफ

मग खुणेचा बदल करायचा कुणी? कोड खुला आहे म्हणताय ना.

खडूस_पेन्सिल

कुणीही. तो भाग कोडमध्ये शोधून, गोळी फुटायच्या आधी तिचा रंग बदलणं हे काही डोंगराएवढं काम नाही. कठीण काम आहे ते पटवून देण्याचं. ज्यांनी ते कार्ड मनापासून लिहिलंय त्यांना ‘हे बदला’ म्हणताना हातात काहीतरी ठोस हवं. वेगवेगळ्या दमाच्या खेळाडूंचे नॉर्मलवरचे रिप्ले जमवा. सगळे एकाच बाजूला सरकताना दिसले तर मी स्वतः बदल लिहायला मदत करेन.

चकवा

आणि मी त्या बदलाला विरोध करेन, हे आत्ताच सांगून ठेवतो. हवा तर ईझीवर खूण दाखवा. नॉर्मलवर नको. आयगेनस्टेटची गंमतच यात आहे की गोळी फुटेपर्यंत सगळ्या वाटा शक्य असतात. आधी खूण दाखवली तर ते साधं फुटणारं कार्ड होईल, तसली पहिल्या पाच स्टेजमध्ये भरपूर आहेत. आणि नाव आयगेनस्टेट ठेवण्यात काही अर्थ उरणार नाही.

माझा रिप्ले मात्र देतो. त्यात मी बॉम्ब न टाकता ते कार्ड पार केलंय, तेव्हा तुमच्या ढिगात एक तरी उलटा पुरावा असू दे.

रातवा

द्या. मधली_रांग, तुमचाही द्या, इफेक्ट चालू असतानाचा आणि बंद केल्यानंतरचा, दोन्ही. माझे आयगेनस्टेटला मेल्याचे सगळे रिप्ले मी ठेवलेत. आत्ता त्यांतले काही पुन्हा पाहिले. बहुतेकांमध्ये मी डावीकडे सरकतोय. इतरांचे आल्याशिवाय त्यावरून काही म्हणणार नाही. चकवा, तुमच्या रिप्लेत तुम्ही कुठल्या बाजूला होतात ते मला सगळ्यात आधी बघायचंय.