विषय: एच-4 वर येण्याआधी नाशिकमध्ये काय उरकू?

मंडळींना नमस्कार,

दोन महिन्यांपूर्वी आमचं लग्न झालं. नवरा अमेरिकेत डेट्रॉईटजवळ नोकरीला आहे, एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये पाच वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाली, एच-4, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा लागला. तो म्हणतो, "तू फक्त ये, बाकी सगळं मी बघतो." प्रेमानेच म्हणतो, तरी मला रात्री झोप लागत नाही. निघण्याआधी इथे काय करून घेऊ?

---

अगं मुली, आधी मनापासून अभिनंदन!

मी पंचवटीची. 2011 मध्ये एच-4 वरच आले. "सगळं मी बघतो" असं आमचे हेही म्हणाले होते, आणि त्यांनी खरंच सगळं बघितलं. त्यामुळे माझे कागद मी कधी उघडलेच नाहीत. तेव्हा पासपोर्टला आय-94 चा, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीचा, छोटा पांढरा कागद स्टेपल करून देत. व्हिसा तीन वर्षांचा, म्हणून मी निर्धास्त. पुढच्या वर्षी लायसन्सच्या खिडकीवरच्या बाईंनी त्या कागदावरच्या तारखेवर पेन टेकवून दाखवलं: मुदत संपायला 19 दिवस उरले होते! माझा पासपोर्ट लवकर संपणार होता, म्हणून विमानतळावर तेवढ्याच दिवसांचा शिक्का मिळाला होता. धावपळ करून मुदतवाढीचा अर्ज गेला, पण त्या 19 दिवसांत घास गिळवत नव्हता.

म्हणून आज रात्रीच पासपोर्टची तारीख बघ. जवळ आली असेल तर तिथेच नवा काढ. जुन्यातला व्हिसा चालतो, प्रवासात दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे. आय-94 आता ऑनलाइन मिळतो. इथे उतरलीस की स्वतः उतरवून घे आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

दुसरं, कामाचं. एच-4 वर नोकरी करता येत नाही, शिकता येतं. नवऱ्याचा आय-140 (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झाला की तुला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो. हा नियम मे 2015 पासून आहे, माझ्या वेळी तेही नव्हतं. त्यांचा आय-140 कुठवर आलाय हे त्यांना आत्ताच विचार. ही चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे गं, दोघांच्या संसाराचा हिशोब आहे. त्यांची नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आणि तुझं राहणंही त्याच दोरीला बांधलेलं असतं. हे ओझं त्यांनी एकट्याने का वाहावं?

आणि गाडी शिकून ये. तू आज स्कूटीला किक मारून कॉलेज रोडला जातेस. इथे ते सकाळी आठला गाडी घेऊन गेले की बाहेर बर्फ आणि घरात तू. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी तीन वाजता खिडकीशी बसून आईला फोन लावायचे, तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असायची. आई तरी उचलायची.

तुझं बँकेतलं खातं बंद करू नकोस. एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं) करून घे, पण तुझ्याच नावावर राहू दे.

---

ताईंचं सगळं बरोबर आहे. माझी बायकोही फिजिओ, म्हणून एक भर घालतो. इथे प्रॅक्टिस करायची तर आधी पदवीची तपासणी (एफसीसीपीटी नावाची संस्था करते), मग फिजिओंची एनपीटीई परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचे अधिकृत उतारे, लागतात. तुमचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तिथेच, म्हसरूळला आहे. स्वतः जाऊन अर्ज करा. आम्ही इथून सासऱ्यांना चार हेलपाटे घालायला लावले. कॉलेजकडून इंटर्नशिपच्या तासांचा दाखलाही घ्या.

---

मावशी, दादा,

पासपोर्ट काढून बघितला. येत्या फेब्रुवारीत संपतोय! नव्यासाठी नाशिकच्याच केंद्रात मंगळवारची वेळ मिळाली आहे, तिथूनच पुढे म्हसरूळला जाईन. काल रात्री त्याला आय-140 चं विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की कंपनीने अजून सुरुवातच केलेली नाही, आणि हे मला कसं सांगावं तेच त्याला कळत नव्हतं. दोन तास बोललो. तिकीट एक महिना पुढे ढकललंय, तोवर गाडीचा क्लास लावते.

मावशी, तुमचा नंबर मला वेगळ्या मेलवर पाठवाल का? दुपारी तीनला मी तुम्हाला फोन करत जाईन.