लाकडी स्टिअरिंग: जुनं पॉलिश खरवडायचं की राखायचं?

उद्यमनगरकर:
वडिलांची १९६४ची स्टँडर्ड हेराल्ड गाडी अजून दारात आहे. त्यांनी हौसेनं बसवलेल्या लाकडी स्टिअरिंगचं वार्निश उडालंय, वरच्या बाजूला केसाएवढी भेग आहे. सुतार म्हणतो, सगळं खरवडून पीयू (पॉलियुरेथेनचं वार्निश) मारू, आरशासारखं होईल. माझा हात धजत नाही. गिअर डाव्या हातात, म्हणून बाबांचा उजवा हात कायम एकाच जागी असायचा. तिथं लाकूड झिजून काळसर, मऊशार झालंय. पॉलिश पेपर फिरला की ते गेलंच. मी म्हणतो, टर्पेंटाईननं मळ काढावा, भेगेत पातळ एपॉक्सी गोंद सोडावा, वरून लाखेचं पॉलिश. बास.

रंकाळा_६८:
दादा, इथं मी सुताराच्या बाजूनं. भेग आत कुठवर गेलीय ते वरचा थर काढल्याशिवाय कळत नाही. लाकडाच्या दोन थरांत धातूची कडी असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, मे महिन्यात आकसतं. कडी त्याच्यासोबत हलत नाही, मग जोड सुटतो. वळणावर तुकडा हातात आला तर? आणि दसऱ्याला आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात चकचकीत होऊन येते, म्हणून ती कुणाला कमी जुनी वाटते का?

शाहूपुरीचा सुतारपोर:
लाख तर नकोच. घामानं आणि उन्हानं चिकट होते, ओलाव्यानं पांढरी पडते. पण हार्डनरवालं पीयूही मी स्टिअरिंगला मारणार नाही. एकदा चीर पडली की खाली पाणी शिरतं, पापुद्रे सुटतात, मग परत सगळं खरवडा. जवसाचं दुकानात तयार मिळणारं ‘बॉइल्ड’ तेल पातळ हातानं तीनदा चोळा, प्रत्येक हात पुरता वाळू द्या. दरवर्षी एक हात दिला की झालं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

उद्यमनगरकर:
लाखेचं पटलं, तेलच लावतो. रंकाळा, भेगेचंही मान्य. तिथलं चार बोटं पॉलिश काढून बघतो. उजव्या बाजूला पेपर लागणार नाही.

रंकाळा_६८:
चार बोटांचा फिका पट्टा वर्षानुवर्षं डोळ्यांत सलेल, बघा. तरी तुमची गाडी, तुमचे बाबा. निदान स्टिअरिंगच्या आऱ्यांजवळचे रिव्हेट एकेक करून हलवून बघा. एक जरी ढिला निघाला, तर स्टिअरिंग उतरवूनच काम करा.