आर-२२ गॅसचा एसी काढून आर-३२ गॅसचा इन्व्हर्टर एसी: जुना तांब्याचा पाइप चालेल का?

प्रश्न: वरचा मजला, दीड टनी स्प्लिट. भिंतीतला जुना पाइप तसाच ठेवला तर?

उत्तर १: नको. आर-३२चा दाब सुमारे दीडपट, शिवाय जुन्या पाइपात खनिज तेल उरतं. आर-३२मध्ये ते नीट मिसळत नाही. फ्लेअरही (जोडासाठी पसरवलेली पाइपची टोकं) नवे काढा. व्हॅक्यूम पंपाने पाइपातली हवा काढून दाब ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन म्हणजे अगदी कमी दाबाचं माप) न्या, पंप बंद करून १० मिनिटं आकडा बघा. चढत राहिला तर गळती किंवा ओल. ‘गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याला थांबवाच. हा गॅस पेट घेऊ शकतो.

उत्तर २: आधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग, टनेज (एसीची क्षमता) नंतर. छत तापलेलं असेल तर गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टरही पूर्ण वेगानेच पळतो, मग बचत कसली?

प्रश्नकर्ता: मग सरळ दोन टनी घेऊ?

उत्तर १: गरजेपेक्षा मोठा घेतला तर खोली पटकन गार होते, दमटपणा मात्र तसाच राहतो.