मदत हवी आहे: टर्मिनलवरून समोरच्याशी बोलता येत नाहीये

निळीशाई: तासभर डोकं फोडतोय. सहकाऱ्याला टर्मिनलवरूनच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतूनच, मेसेज पाठवायचाय, जात नाही. लिनक्सची राइट (write) कमांड वापरली. काय चुकतंय? लवकर सांगा, रात्रीचं काम अडलंय.

टीटीवाय३: एरर काय येतो? दोघं एकाच मशिनवर लॉगिन आहात ना? राइट फक्त त्याच मशिनवरच्या माणसापर्यंत पोचतं.

जुनाखेळाडू: राइट सोडा, टॉक (talk) ही कमांड घ्या. स्क्रीनचे दोन भाग होतात, वर तुम्ही, खाली तो, आणि अक्षर टाइप होता होता समोर दिसतं. राइटमध्ये एंटर दाबेपर्यंत समोरच्याला काही कळत नाही. आम्ही वर्षानुवर्षं टॉकवरच बोललो.

सर्व्हरराखण: टॉकला पलीकडे डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू लागतो आणि फायरवॉलमध्ये ५१७, ५१८ हे यूडीपी पोर्ट (नेटवर्कची दारं) उघडे लागतात. अडलेल्या माणसाला कशाला नवं काम लावता?

जुनाखेळाडू: एकाच मशिनवर असतील तर फायरवॉल आड येतेच कुठे?

सर्व्हरराखण: डीमन तर तरीही लागेल ना!

पाऊलवाट: सगळ्यांना एकदम कळवायचं असेल तर वॉल (wall) कमांड वापरा.

निळीशाई: सगळ्यांना नाही, एकालाच. मशीन एकच, दोघंही एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत आहोत. ‘समोरच्याने मेसेज बंद ठेवलेत’ असा एरर येतो. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

टीटीवाय३: हे आधी सांगायचं! त्याला ‘मेस्ग वाय’ (mesg y) द्यायला सांगा, म्हणजे मेसेज चालू होतील. तो रूट (मुख्य अ‍ॅडमिन खातं) म्हणून लॉगिन आहे का? डेबियन लिनक्सवर रूटच्या प्रोफाइल फाइलमध्येच ‘मेस्ग एन’ (मेसेज बंद) लिहिलेलं असतं.

निळीशाई: हो, रूटच. डेबियनच आहे. त्याच्या जागेवर जाऊन ‘मेस्ग वाय’ द्यायला लावलं. आता एरर नाही, पण त्याला काहीच दिसत नाही!

जुनाखेळाडू: टॉकोमॅटिक हा चॅट प्रोग्राम १९७३ चा, प्लेटो या जुन्या संगणक यंत्रणेवरचा. त्यातही अक्षर न् अक्षर लगेच दिसायचं. आयआरसी हे इंटरनेट चॅट आलं १९८८ मध्ये, त्यात एंटर दाबल्यावरच ओळ जाते. तेव्हा आपण मागे गेलो असं माझं ठाम मत आहे.

सर्व्हरराखण: निळीशाई, तुम्ही दोघं टीमक्सचं (tmux, एकच टर्मिनल दोघांना दाखवणारा प्रोग्राम) एकच सेशन उघडा, मिटला प्रश्न.

टीटीवाय३: टीमक्स नंतर. त्याच्या टर्मिनलच्या खिडक्या किती उघड्या आहेत?

निळीशाई: दोन. पहिलीत लॉग (सर्व्हरच्या नोंदी) सतत सरकतोय, दुसरीत तो काम करतोय. ‘मेस्ग वाय’ पहिलीत दिलं.

टीटीवाय३: तिथेच आहे तुमचा मेसेज, लॉगच्या ओळींत वाहून गेलाय. मेस्ग त्या एका टर्मिनलपुरतं असतं, खात्यापुरतं नाही. दुसरीत मेसेज बंद असल्यामुळे राइटने ती वगळली. त्याला दुसरीतही ‘मेस्ग वाय’ देऊ दे. मग तिथेच ‘टीटीवाय’ (tty) ही कमांड चालवून त्या टर्मिनलचा जो नंबर येईल, तो राइटमध्ये त्याच्या नावापुढे द्या. बोलणं संपलं की कंट्रोल-डी. आपली पाळी झाली की ओळीच्या शेवटी ‘-ओ’ (-o, म्हणजे ‘ओव्हर’) टाका, नाहीतर दोघांच्या ओळी एकमेकांत घुसतात.

निळीशाई: पोचला! त्याच्या टर्मिनलचा नंबर पीटीएस/४ (pts/4) दिला आणि लगेच त्याचं उत्तर आलं. फार मोठी मदत झाली. फक्त मराठीत लिहिलं की त्याच्याकडे नुसता कचरा उमटतो.

टीटीवाय३: दोघांचं लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ आहे का? आणि डेबियनची आवृत्ती कोणती?