छातीवरचा मजकूर कोणाचा?

छापील टी-शर्ट म्हणजे कंपनीची फुकट जाहिरात, हे मत मला अर्धेच पटते. आमच्या खानदेशात, विशेषतः रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, बियाणे-खतांच्या कंपन्यांनी वाटलेले टी-शर्ट शेतकरी घड कापताना सर्रास घालतात, कारण केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत आणि चांगला सदरा खराब करणे कोणालाच परवडत नाही. त्या बोधचिन्हाशी घालणाऱ्याचे काहीही नाते नसते. (जाहिरात होत असलीच, तर ती केळीच्या झाडांपुढे.) याउलट ९ ऑगस्टला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली घोषित केलेल्या जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबारच्या मिरवणुकांत भिल्ल, पावरा तरुण ‘जय आदिवासी’ छापलेले पिवळे टी-शर्ट घालून निघतात, तेव्हा तो मजकूर त्यांनी स्वतः निवडलेला असतो; एरवी शहरात कामाला गेल्यावर जी ओळख काहींना झाकावीशी वाटते, तीच तेथे उघडपणे छातीवर येते. मी स्वतः कोरेच टी-शर्ट विकत घेतो. अपवाद जळगावच्या विद्यापीठाचे नाव असलेल्या एकाचा, आणि तो मुद्दाम पुण्या-मुंबईच्या प्रवासात घालतो, कारण ते नाव वाचून कोणीतरी आपल्या बोलीत गाव विचारतेच.