लघुग्रहावर पाणी कुठून आलं? (कार्बनवाले अशनी)

विहीरवाला_जिंतूर: शेतात विहिरीचं काम चालू आहे, तीस फुटावर मांजऱ्या खडक लागला, त्याच्या भोकांत हिरवट थर होता, नखानं खरवडला तर साबणासारखा गुळगुळीत. ओळखीचे सर म्हणाले पाणी मुरून मुरून दगड बदलतो, त्याचं हे. ते पटलं. पण सध्या अशनींबद्दल, म्हणजे लघुग्रहांचे तुटून पृथ्वीवर पडलेले तुकडे, त्यांच्याबद्दल वाचायलोय, त्या काळ्या कार्बनवाल्या दगडांतबी पाण्यानं झालेली मातीची खनिजं असतात म्हणे. तिथं ना पाऊस ना ओढा, मग पाणी आलं कुठून? अन् ते इथं पडल्यावर भिजले नसतील कशावरून?

खडकवेडी_जालना: दादा, लई भारी प्रश्न. पाणी बर्फाच्या रूपात आधीपासूनच त्या दगडधुळीत मिसळलेलं होतं. सोबत अॅल्युमिनियम-26 होतं, किरणोत्सारी, साधारण 7 लाख वर्षांत निम्मं होणारं. त्याच्या उष्णतेनं लघुग्रह आतून तापला, बर्फ वितळला अन् ते पाणी खडकात झिरपत राहिलं. ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचं सर्पेंटाइन झालं, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मातीसारखं खनिज, अन् लोखंडाचं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी खनिज. 1969 ला ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन नावाच्या अशनीच्या वजनात साधारण 10 टक्के पाणी आहे, पण पिळून निघणारं नाही, खनिजात बांधलेलं.

मातीमाणूस: भिजल्याची शंका रास्त आहे बरं का. 1864 ला फ्रान्समध्ये ओर्गेई नावाचा असाच अशनी पडला, त्यातल्या पांढऱ्या सल्फेटच्या (एक प्रकारचा क्षार) शिरा कित्येक वर्षं लघुग्रहावरच्या पाण्याच्या म्हणून सांगायचे, नंतर कळलं की त्या इथल्या दमट हवेनं तयार झाल्यात. पण अशा अशनींतल्या कार्बोनेटचं, म्हणजे चुनखडीसारख्या खनिजांचं, तसं नाही. त्यात मँगनीज-53 या किरणोत्सारी मँगनीजच्या खुणा मिळतात अन् ते तर सूर्यमाला बनल्यावर थोड्याच कोटी वर्षांत संपून गेलं, म्हणजे ही खनिजं तेव्हाचीच. शिवाय आता हवा न लागू देता आणलेले नमुने आहेत, 2020 ला रयुगू या लघुग्रहाचे 5.4 ग्रॅम, 2023 ला बेन्नू या लघुग्रहाचे 121.6 ग्रॅम. दोन्हींत मातीची खनिजं निघाली.

विहीरवाला_जिंतूर: म्हणजे आमच्या विहिरीत वरचं पाणी खाली मुरतं, तिथं आतलंच पाणी आतच मुरलं. मग ते गेलं कुठं शेवटी?

खडकवेडी_जालना: बरंचसं खनिजातच अडकलं, बाकी आटलं, अन् आटता आटता खार मागं ठेवून गेलं. बेन्नूच्या नमुन्यात ट्रोना, म्हणजे सोड्याचा खार, सापडलाय. आपल्या लोणारच्या तळ्याकाठी पाणी आटलं की पांढरा खार बसतो ना, त्यातबी ट्रोनाच असतो. तो हिरवा थर फेकू नका, तुकडा जपून ठेवा, पुढच्या रविवारी मी तिकडं येणार आहे, भिंग घेऊन येते.